जांभळ्या चिंधीचा भोपळा

देठ चार बोटं ठेवून मी भोपळा कापला आणि विजयी वीरासारखा वर धरला.

"सापडला बरं का माझा," मी ओरडून सांगितलं.

कांचनताई शेताच्या दुसऱ्या टोकाला गवार तोडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि तिच्या ओच्यातली सगळी गवार खाली सांडली. ती वेचायला ती वाकली नाही. सरळ चालत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या हातातून भोपळा काढून घेतला, तान्हं मूल घेतात तसा, एक हात बुडाखाली देऊन.

"मॅडम, ह्यो तोडायला कुनी सांगितला तुमाला?"

"सांगायचं काय त्यात? चिंधी आहे ना त्याला. जांभळी. माझीच."

 ती भोपळ्याच्या देठाकडे बघत राहिली. तिथं चिकाचा एक थेंब जमून गळायच्या बेतात होता, तो तिनं बोटानं पुसला.

आता ही चिंधीची भानगड सांगायला हवी. गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची आहे. आम्ही साताऱ्याला राहायचो. मी कोर्टात लघुलेखक होते आणि माझ्या मते शहरातल्या कुठल्याही माणसापेक्षा मला भाजी जास्त कळत होती. मंडईत माझं नाव 'नखवाल्या बाई' पडलं होतं. दुधी असो, दोडका असो, मी आधी अंगठ्याचं नख रुतवून बघायची. रुतलं तर कोवळं, नाही रुतलं तर पुढच्या गाळ्यावर. भाजीवाल्या मला लांबून येताना बघून टोपलीवर फडकं टाकायच्या.

त्याच सुमाराला गावाबाहेर सात-आठ मैलांवर नदीकाठी शेती करणाऱ्या कांचन शेलार या बाईनं शहरातली बावीस घरं जमवून एक गट केला. हंगाम सुरू व्हायच्या आधी नाव घालायचं, आणि मग दर आठवड्याला तिच्या शेतात जे पिकेल त्यातला एक वाटा आपल्या घरी येणार. निवड करायची नाही, घासाघीस नाही, फवारणीचं काही नाही. ती आम्हाला गिऱ्हाईक म्हणायची नाही, 'वाटेकरी' म्हणायची. मला तो शब्द जरा चमत्कारिकच वाटायचा. पण भाजी सकाळी तोडलेली दुपारी दारात यायची, आणि एवढी ताजी मेथी मी जन्मात बघितली नव्हती. तरी माझी जीभ काही गप्प बसत नसे. रिकामी टोपली परत पाठवताना मी त्यात चिठ्ठी टाकायची. 'सलग तिसऱ्यांदा घोसाळी.' 'भेंडी वाकडी.' त्यावर पुढच्या टोपलीत तिची चिठ्ठी आली होती, 'वाकडी भेंडी पण सरळच शिजते, मॅडम.' ती वाचून आमचे हे दोन दिवस हसत होते.

बावीस टोपल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कडीला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली असे. आमची जांभळी. आणि महिन्यातून एका रविवारी दोन वाटेकऱ्यांनी शेतावर हातभार लावायला जायचं, असंही ठरलं होतं. मी ते चार महिने टाळलं. शेवटी सप्टेंबरात गेले, आणि मांडवावरच्या एकुलत्या एका दुधी भोपळ्याला जांभळी चिंधी दिसली.

मी एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घरातली. कशावरही ओळखीचं कापड दिसलं की ती जागा आपली, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या वाट्याचा भोपळा ताईनं राखून ठेवलाय, असं वाटून मला बरंच कौतुक वाटलं. सवयीनं दोनदा नख लावलं. रुतलं नाही. जून आहे म्हणून नाक मुरडलं, पण आपला आहे तर कोफ्त्याला चालेल म्हणून कापला.

"मॅडम, ह्यो बियान्याचा हुता," कांचनताई म्हणाली.

"म्हणजे?"

"बी धरायला राखल्याला. चिंधी त्याच्यासाठीच बांधत्यात, चुकून कुनी तोडू नये म्हनून."

मला अजूनही नीट उमजलं नव्हतं. मी म्हटलं, "मग दुसरा राखा. वेल आहे की."

तिनं मला वेल दाखवला. पानांवर पिठासारखी पांढरी भुरी धरली होती, बुडाकडची पानं वाळून गेली होती. बी ठेवायच्या डब्यात उंदीर शिरले होते, तिनं सांगितलं. जूनमध्ये तीन बिया उरल्या. दोन कुजल्या, एक उगवली. दोन फळं माशीनं डंख मारून गेली. मग या एका फुलावर तिनं सगळा जीव लावला. भोपळ्याचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं, तेव्हा नर फूल तोडून तिनं मादी फुलाला हातानं लावलं होतं. गोपाळकाल्याच्या दिवशी. त्यानंतर वेलावर दुसरी कळी आली की ती खुडून टाकायची, सगळी ताकद या एकाला मिळावी म्हणून.

"अजून महिना तरी वेलाव ऱ्हायला पायजे हुता," ती म्हणाली. "आता आत बी भरलंय का नुसतं पानी हाय, कुनाला ठावं. पोकळ निघालं तर सपलं. ह्यो भोपळा दुसऱ्या कुनाकडं न्हाई."

मी तेव्हा जे बोलले ते आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. मी म्हटलं, "अहो, कृषी केंद्रात मिळतात की दुधीच्या बिया. मी आणून देते."

ती वळली. भोपळा घेऊन घराकडे निघाली, आणि मी हातात विळा घेऊन तिच्या मागून.

ओसरीवर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. हौसाबाई. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. कांचनताईनं भोपळा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, चंबू तुटला."

खाली गोल, वर निमुळती मान, अशा त्या भोपळ्याला त्यांच्या घरात चंबू म्हणत. म्हातारीनं त्याच्यावरून दोन्ही हात फिरवले. मान, पोट, बूड, देठ. मग एका जागी बोट थांबलं.

"हे नख कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"रुतलं का?"

"नाही, आजी."

"नीट सांग. जराबी न्हाई?"

"अजिबात नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच नख रुतलं नाही याचा मला आनंद होत होता. म्हातारी मान हलवत काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, "मग आशा हाय. तुटला तरी फळ लगीच मरत न्हाई. बुडात जेवढं हाय तेवढं बियांस्नी पाजतंय. पर सावलीत, वाऱ्यात टांगाय पायजे. हितं ओल हाय, उंदरं हाईत. तुजं घर कितव्या माळ्याव हाय?"

"तिसऱ्या."

"घिऊन जा मग. तू तोडलास, तूच पिकीव."

मी कांचनताईकडे पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "चूक माझीबी हाय, मॅडम. आत्याबाईंच्या एकाच चोळीची चिंधी म्या दोन्हीकडं बांधली." तिनं असं का म्हणावं, हे मला कळेना. चूक माझी होती, तिला ती वाटून घ्यायचं काही कारण नव्हतं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, भोपळा सीटखाली ठेवा." मी म्हटलं, "जमणार नाही." पुढे मला बसायला जागा मिळाली तेव्हाही भोपळा मांडीवरच होता, आणि दर खड्ड्याला मी त्याची मान धरत होते.

घरी आमच्या ह्यांनी दार उघडलं. माझ्या कडेवरचं प्रकरण बघून म्हणाले, "हेमा, बारसं कधी?"

"चेष्टा करू नका. शेवटचा आहे हा."

"कसला शेवटचा?"

मी सगळं सांगितलं. ह्यांना शेतीतलं ओ की ठो कळत नाही, हे टेलिफोन खात्यात होते. पण ऐकता ऐकता ह्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आणि तू तो कोफ्त्यासाठी कापलास."

"हो."

"बरं," म्हणाले, आणि खुर्ची घेऊन गॅलरीत गेले. माझ्या जुन्या सुती साडीची झोळी करून ह्यांनीच ती कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधली. त्या दिवसापासून आमचे ओले टॉवेल दाराच्या बिजागरीवर वाळू लागले.

पुढचे चार महिने आमच्या घरात तीन जण राहत होते असं म्हटलं तरी चालेल. सकाळी चहाच्या आधी मी झोळीपाशी जायची. हिरवा रंग उतरून फिकट झाला. मग दिवाळी झाली आणि एके सकाळी बघते तो बुरशी. काळी, केसाळ, मानेपासून पोटापर्यंत.  मी कांचनताईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, त्यांनी बोलावून आणायला दहा मिनिटं घेतली, आणि फोनवर आली ती म्हातारीच.

"वास कसला येतोय?"

मी नाक लावलं. "ओल्या लाकडाचा."

"नासल्याला न्हाई ना?"

"नाही."

"दाबून बघ. मऊ लागतंय का?"

"नाही, कडक आहे."

"मग फडक्यानं पूस आनि गप ऱ्हा. कातडीच जातीया, आत काय होत न्हाई. इतकं भ्याय काय झालं?"

टोपली दर आठवड्याला येतच होती. माझ्या चिठ्ठ्या मात्र बदलल्या. भेंडी सरळ आली का वाकडी, हे बघायचं भानच राहिलं नव्हतं. मी लिहायची, 'रंग तपकिरी झाला. वजन निम्मं झालंय. बुरशी पुन्हा पुसली.' कांचनताईची उत्तरं एका ओळीची असत. 'ऊन लागू देऊ नका.' 'कुशी बदला.' एकदा नुसतंच, 'आत्याबाई रोज विचारतात.' ती चिठ्ठी मी कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

खरी धास्ती वजनाची होती. तो हलका होत चालला होता, आणि आतून सगळंच वाळून चाललंय की फक्त पाणी, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. माझ्या नखाच्या दोन खुणा तेवढ्या तशाच राहिल्या होत्या, दोन बारीक चंद्रकोरी. त्या दिसल्या की मी नजर वळवायची.

जानेवारीत एका सकाळी मी पोळ्या करत होते. गॅलरीतून ह्यांची हाक आली, "हेमा, इकडे ये. हळू ये."

"हळू काय? पोळी तव्यावर आहे."

"राहू दे पोळी."

ह्यांनी झोळीतून चंबू काढून हातात धरला होता. "ऐक," म्हणाले, आणि त्याला जरासा हलवला.

आत खुळखुळ झाली. अगदी बारीक आणि कोरडी.

ह्यांनी पुन्हा हलवला. पुन्हा आवाज आला. पोळी जळल्याचा वास येत होता आणि आम्ही दोघं गॅलरीत उभे राहून भोपळा ऐकत होतो. चार महिने त्याला ना माती होती, ना पाणी. आम्ही त्याला काहीही दिलं नव्हतं. तरी तिथं, आमच्या टॉवेलांच्या जागी टांगलेल्या अवस्थेत, तो आपलं काम करत राहिला होता.  हे मात्र म्हणाले, "आवाज पोकळ बियांचाही येतो, हां. आताच नाचू नकोस."

रविवारी आम्ही दोघं शेतावर गेलो. ओसरीवर कांचनताईनं परातीत पाणी घेतलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं चंबू कानाशी धरून हलवला, बराच वेळ ऐकला, आणि सुनेकडे दिला. कांचनताईनं करवतीनं मान कापली. आतल्या वाळक्या जाळीतून तिनं बिया ओढून काढल्या. शंभराच्या वर होत्या. फिकट, चपट्या, बघायला सगळ्या सारख्या.

"भरल्याली बी तळाला जाती," तिनं आम्हाला सांगितलं. "पोकळ वर ऱ्हाती."

तिनं सगळ्या बिया एकदम पाण्यात सोडल्या. सगळ्या तरंगल्या.

मी परातीत बघत होते. एकही खाली गेली नाही. पाण्यावर बियांचा नुसता थर झाला होता. कांचनताईनं पदर तोंडाला लावला. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मला नको होता, मी जरा बाजूला सरकले. कोर्टात मी माणसांच्या शिक्षा रोज लिहून घेत होते, हात कधी अडला नव्हता. त्या दिवशी मला कळलं की आपण ऐकत असलेला निकाल आपलाच असला तर कसं वाटतं.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं.

कांचनताईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं, पोरी? तू सांग."

"सगळ्या वर आहेत, आजी."

"वरच असनार. वाळल्याल्या हाईत त्या. जरा पानी पिऊ द्या त्यांस्नी." आणि ती स्वस्थ बसून राहिली.

आम्ही बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मागं गोठ्यात म्हैस पाय बदलत होती, तेवढाच आवाज. मग परातीच्या कडेची एक बी तिरपी झाली. टोक खाली, असं क्षणभर राहिली. आणि सावकाश, अगदी सावकाश, तळाला गेली.

"आजी," मी म्हटलं. "एक खाली गेली."

"खाली गेली म्हंजी?"

"म्हणजे… तळाला."

"बुडाली म्हन की."

तो शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. आमच्या घरात तो चांगल्यासाठी कधी वापरलाच नव्हता. धंदा बुडतो, घर बुडतं, पाण्यात माणूस बुडतो. शेवटी मी म्हटलं, "बुडाली."

"हां." म्हातारीचा चेहरा उजळला. "सांगत ऱ्हा. मला दिसत न्हाई."

दुसरी गेली. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग एकदम तीन. मी प्रत्येक वेळी सांगत होते, बुडाली, बुडाली, आणि प्रत्येक वेळी म्हातारी "हां" म्हणत होती. तासाभरानं थांबल्या तेव्हा तळाशी एकोणीस होत्या.

म्हातारी पुढे सरकली. परातीत हात घालून तिनं तरंगणाऱ्या बिया बाजूला सारल्या आणि तळाला बोटं टेकवली. 

"आमचं कळंबोशी धरनात गेलं तवा समदी ह्योच शब्द म्हनत हुती," ती म्हणाली. "बुडालं. घर बुडालं, देऊळ बुडालं, हौसाचं म्हायेर बुडालं. माजं लगीन त्याच्या आदल्या वर्साचं. आयनं ओटीत नारळाच्या जोडीनं ह्या बिया घातल्या हुत्या, आमच्या परसातल्या. म्हनली, तिकडं लाव. आय पुढं गेली, भाव गेलं, आमची मानसं चहूकडं पांगली. त्या गावाचं पान्याच्या वर एवढंच ऱ्हायलंय."

  चार महिने मी हा भोपळा घेऊन बसले होते, त्याला पुसत होते, कूस बदलत होते, आणि या दोघींपैकी कुणी मला हे सांगितलं नव्हतं. कोफ्त्याच्या हौसेनं मी एक अख्खं गाव देठापासून कापलं होतं. आणि तरीही तिनं ते माझ्याच हवाली केलं होतं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर भ्याली असतीस," म्हातारी म्हणाली. "भ्याल्याल्या मानसाच्या हातनं पडतंय."

तिनं तळातल्या बिया एकेक करून वर काढल्या, पदराला पुसल्या आणि दोन ढीग केले. मग तिनं कांचनताईकडे हात केला. कांचनताईनं त्या वाळक्या देठाला अजूनही बांधलेली जांभळी चिंधी सोडून तिच्या हातात दिली. म्हातारीनं नऊ बिया त्यात गुंडाळल्या, गाठ मारली आणि माझा हात चाचपडत शोधला.

"ह्यो तुजा वाटा."

"आजी, मला नको. मी आधीच…"

"तुला द्यायच्या म्हनून देत न्हाई. बी एका घरात ठिवलं की उंदीर खातोय, न्हाईतर पानी येतंय. तुजं घर तिसऱ्या माळ्याव हाय."

वाटेकरी या शब्दाचा अर्थ मला नाव घातल्यानंतर आठ महिन्यांनी त्या ओसरीवर कळला.

जूनमध्ये कांचनताईची चिठ्ठी आली, 'पेरायचं बघा.' ह्यांनी गच्चीवर दोन ड्रम माती भरून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी मी वाटीत पाणी घेतलं, चिंधी सोडली आणि नऊ बिया त्यात सोडल्या. सकाळी उठून पाहिलं आणि शेतावर फोन लावला. आता त्यांच्या घरी फोन आला होता. म्हातारीनंच उचलला.

"काय झालं, पोरी?"

"बुडाल्या, आजी," मी म्हटलं. "नऊच्या नऊ."

पलीकडे ती खदखदून हसली. मग फोन कानाचा काढून तिनं शेताच्या दिशेनं हाळी दिली, तीही मला स्पष्ट ऐकू आली.

"कांचन, बुडाल्या गं. समद्या बुडाल्या."